तंजावरी मृदंग आणि आपली मराठी थाप

"काका, तुमच्या त्या मृदंग-ढोलक्यांवर एकदा स्मरणिकेत लिहाच," असा आग्रह आपल्या उत्सव समितीचे कार्यकर्ते गेली काही वर्षे करीत आहेत. मी दरवर्षी काही ना काही कारण सांगून सुटका करून घेत असे. एक तर माझे सारे आयुष्य कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात गेले; संगीताचा अभ्यासक मी नव्हे. दुसरे कारण जरा अडचणीचे आहे. ही हकीकत लिहायची तर माझ्या हातून झालेली एक चूकही सांगावी लागणार होती. यंदा मात्र मनाशी ठरवले, की बाप्पासमोर लपवायचे काय?

माझे मूळ गाव वाईजवळचे. एकोणिसाव्या शतकातील थोर पखवाजवादक नाना पानसे हे वाई तालुक्यातल्या बावधनचे. पुढे ते इंदूरला होळकरांच्या दरबारी गेले आणि त्यांच्या नावाचे घराणेच निर्माण झाले. आमच्या भागात भजनाला बसणारा प्रत्येक माणूस हा इतिहास अभिमानाने सांगतो, मग त्याला चार बोल येत असोत वा नसोत! आमच्या आजोबांकडे एक पखवाज होता. एकादशीला त्याच्या डाव्या तोंडाला कणीक लावायचे काम आम्हा मुलांकडे असे. तेवढीच माझी संगीताची शिदोरी घेऊन मी १९८३ साली नोकरीनिमित्त एन्नोरला आलो.

एन्नोर म्हणजे तेव्हा कारखाने, खाडी आणि समुद्राचा खारा वारा. १९४८ साली इथे अशोक मोटर्स उभी राहिली, १९७० साली औष्णिक वीज केंद्र सुरू झाले, आणि त्या मागोमाग देशभरातून माणसे आली. त्यात आपण मराठी माणसेही होतो. घरापासून इतक्या दूर आलो, असे वाटायचे. पण आपल्याआधी तीनशे वर्षे मराठी माणूस या प्रांतात आला आहे, हे मला इथेच कळले, आणि तेही एका मृदंगामुळे.

तंजावरचे अण्णा

कारखान्यात माझ्या शेजारच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी होते. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असू. पहिल्या दिवशी ते माझ्याशी मराठीत बोलले तेव्हा मी चकितच झालो. ते मराठी आपले नव्हते. 'सगळे' म्हणायला ते 'अस्की' म्हणत, मधेच तमिळ शब्द येत आणि वाक्याचा हेल तर पुरता तमिळ. अण्णा तंजावरचे मराठी. घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७०च्या दशकात तंजावरला मराठी राज्य स्थापन केले, ते १८५५पर्यंत टिकले, हे आपण शाळेत वाचलेले असते. स्वतः महाराज दक्षिण दिग्विजयाच्या वेळी ३ ऑक्टोबर १६७७ रोजी मद्रासच्या काळिकांबा मंदिरात दर्शनाला आले होते, अशी परंपरा आहे. तंबू चेट्टी रस्त्यावरच्या त्या देवळात आपल्यापैकी बहुतेक जण जाऊन आले असतील. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो शिलालेखही अनेकांनी पाहिला असेल. पण दगडातल्या या खुणांइतकीच मोठी एक खूण चामड्यात आणि लाकडात राहिली आहे. तिच्याकडे आपले लक्ष जात नाही.

तंजावरचे मराठी राज्य गेल्यानंतरची गोष्ट. १८६०च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे कीर्तनकार तंजावरला आले. इकडे त्यांना 'मोरकर बावा' म्हणतात. आडनाव ऐकताच आपल्याला मोरेश्वराचे मोरगाव आठवावे! त्यांच्या मराठी कीर्तनाने तंजावरकर भारावून गेले. हे कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. आजही तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे शब्द आणि त्या चाली आहेत. आणि कृष्ण भागवतरांच्या साथीला मृदंगावर कोण होते? नारायणस्वामी अप्पा, तंजावरचे एक मराठी गृहस्थ! कर्नाटक संगीतातील मृदंगाची जी 'तंजावर शैली' म्हणतात, तिच्या आद्य पुरुषांत या अप्पांचे नाव आदराने घेतले जाते. ताशा-नगाऱ्यासारखा दणदणाट न करता, गाण्याच्या शब्दाला धरून, गोड वाजवायचे, ही त्यांची ख्याती.

अण्णांनी हे मला डबा खाताना सांगितले, आणि शेवटी म्हणाले, "आमचे आजेही कीर्तनाला वाजवायचे. त्यांचा मृदंग आहे घरी. तुम्हाला पाहिजे तर घ्या. आमच्याकडे आता कोणी वाजवत नाही."

दोन भावंडे

तो मृदंग घरी आला आणि माझ्यातला अर्धवट पखवाजी जागा झाला. वरवर पाहता पखवाज आणि दाक्षिणात्य मृदंग अगदी सारखे दिसतात. आपले वारकरी तर पखवाजालाच मृदंग म्हणतात. पण हाताळल्यावर फरक कळतो. पखवाजाला वादीखाली लाकडी गट्टे असतात, ते ठोकून सूर चढवता-उतरवता येतो. मृदंगाला गट्टे नसतात. कडेच्या वेणीवर लाकडाचा तुकडा ठेवून दगडाने ठोकावे लागते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक, तर मृदंगाच्या डाव्या तोंडाला रव्याचा ओला लेप. मृदंगाचे खोड फणसाचे, आणि त्यासाठी पन्रुटीकडच्या फणसाला मान आहे. उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईला इकडे 'सोरु' असेही म्हणतात. सोरु म्हणजे भात! शिजवलेला भात आणि एका लोहयुक्त दगडाची पूड एकत्र मळून, पातळ थरांवर थर देत आणि प्रत्येक थर दगडाने घोटत ही शाई बसवतात.

ही शाई कशासाठी, याचे उत्तर शोधले ते आपल्या याच मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली की जे वेगवेगळे कंप उठतात, त्यांचे प्रमाण १ : १.५९ : २.१४ असे वेडेवाकडे असते. म्हणून साध्या ढोलातून सूर येत नाही, आवाज येतो. मध्यभागी शाईचे वजन दिले की तेच कंप १, २, ३, ४, ५ अशा सरळ पटीत येतात आणि तारेच्या वाद्यासारखा सूर लागतो. रामन यांनी १९२० साली एस. कुमार यांच्यासह 'नेचर' या नियतकालिकात हे प्रथम मांडले आणि १९३०च्या दशकात सविस्तर निबंध लिहिला. कातड्याचे पहिले नऊ प्रकारचे कंप शाईमुळे पाच सुरांत गोळा होतात, हे त्यांनी कातड्यावर बारीक वाळू टाकून दाखवले. ज्या कोणा अनाम कारागिराने शतकांपूर्वी भाताची लुकण लावून हे साधले, त्याला गणित येत नव्हते. कान मात्र होता.

कातडे कोणाचे, हात कोणाचे

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मृदंगाला गाय, म्हैस आणि शेळी या तिन्ही जनावरांचे कातडे लागते. देवासमोर वाजणारे हे वाद्य ज्यांच्या हातून घडते, ती माणसे मात्र पिढ्यान्पिढ्या गावाबाहेर ठेवली गेली. तंजावरचे नामवंत मृदंगकार मुख्यतः दलित ख्रिस्ती कुटुंबांतले. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली 'सेबास्टियन अँड सन्स' या पुस्तकात त्यांचा इतिहास लिहिला. पालघाट मणी अय्यर (१९१२–१९८१) हे मृदंगवादकांतले पहिले 'संगीत कलानिधी'; १९६६ साली त्यांना तो मान मिळाला. त्यांच्या मृदंगाचा नाद घडवण्यात पर्लांदु या कारागिराचा मोठा वाटा होता. कातडे कोठून कापावे, किती जाड ठेवावे, यावर दोघे वर्षानुवर्षे प्रयोग करीत. मणी अय्यरांचे नाव सर्वांना ठाऊक. पर्लांदुचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते? मीही ते पुस्तक येईपर्यंत ऐकले नव्हते.

हाच प्रकार पराईचा. एन्नोरच्या गल्ल्यांतून अंत्ययात्रेपुढे वाजणारी पराई आपण रोज ऐकतो. ती नीट पाहिली तर आपल्या हलगीची सख्खी बहीण आहे. तसेच लाकडी कडे, तसेच विस्तवावर शेकून ताणलेले कातडे, आणि एका हातात लांब बारीक काडी, दुसऱ्या हातात आखूड जाड काठी. या वाद्यावरून एका जातीला नाव मिळाले आणि इंग्रजांनी त्या नावावरून 'बहिष्कृत' या अर्थाचा शब्दच बनवला. म्हणून अनेकांनी पराई वाजवणे सोडले. पुढच्या पिढीने तीच पराई स्वाभिमानाने हाती घेतली. २०२५ साली मदुराईकडचे पराईवादक वेलु आसान यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी दिवसभर पराई वाजवली. माझ्या संग्रहातल्या हलगीशेजारी मी आता एक पराई ठेवली आहे.

माझी चूक

आता ती चूक. अण्णांचा मृदंग घरी आला तेव्हा त्याची अवस्था वाईट होती. शाईचे पोपडे निघाले होते, वाद्या तुटायला आल्या होत्या, खोडावर काजळी आणि तेलाचा थर होता. मी पडलो कारखान्यातला माणूस! जुने यंत्र खोलून लख्ख करायची सवय. एका रविवारी मी वाद्या काढल्या, शाई खरवडली, खोडाला सँडपेपर मारून गुळगुळीत केले, वर वॉर्निश दिले आणि वाद्यांच्या जागी नटबोल्टची नवी जोडणी बसवून घेतली. उत्सवात आरतीला तो चकचकीत मृदंग पाहून सर्वांनी कौतुक केले. अण्णाही होते. ते "छान दिसतोय" एवढेच म्हणाले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९९ साली, आम्ही सहकुटुंब तंजावरला गेलो. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतले कागद पाहिले आणि ऊर भरून आला. परत आल्यावर मी उत्साहाने अण्णांना सांगू लागलो, की केवढा हा ठेवा, आणि लोकांना त्याची किंमत नाही वगैरे. अण्णा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "त्या मृदंगावरही मोडी होती. आमच्या आज्यांनी उजव्या तोंडाजवळ खिळ्याने कोरली होती. दोन ओळी."

मला काही बोलताच येईना. त्या काजळीखाली अक्षरे होती आणि मी ती माझ्या हातांनी घासून टाकली होती. काय लिहिले होते, असे मी विचारले. अण्णा म्हणाले, "मला मोडी वाचता येत नाही. वडिलांना येत होती. विचारायचे राहून गेले." "तेव्हाच का नाही सांगितले, अण्णा?" यावर ते हसले. "तुम्ही इतक्या हौशीने केले होते. आणि वाजत होता ना चांगला?"

त्या दिवसापासून मी खरा संग्राहक झालो असे म्हणायला हरकत नाही. आज माझ्याकडे तीन मृदंग, एक पखवाज, दोन तबलाजोड्या, ढोलकी, संबळ, तांब्याचा एक ताशा, हलगी आणि पराई आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी 'अज्ञातवासीं'नी, लहानपणी वारलेल्या आपल्या राजाच्या आठवणीत एकेक वस्तू जमवत हजारो वस्तूंचे संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली ते शासनाच्या हवाली केले. एग्मोरच्या सरकारी संग्रहालयातल्या वाद्यांची सूची प्रा. पी. सांबमूर्ती यांनी १९३१ साली तयार केली. ती थोर माणसे. माझा संग्रह एका खोलीचा. पण त्यांच्याकडून एक शिकलो: वस्तू हाती आली की आधी लिहायचे, मग हात लावायचा. कोणाचे वाद्य, कोठले, कोण वाजवत असे, कोणी दुरुस्त केले, हे सारे मी वहीत टिपतो, चारी बाजूंनी छायाचित्रे काढतो. काजळीसुद्धा पुसत नाही. आणि एक सूचना हौशी मंडळींसाठी. जुनी कंजिरा, म्हणजे आपल्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरीची दाक्षिणात्य बहीण, कोणी विकायला आणली तर आधी कातडे पाहा. पूर्वी ती घोरपडीच्या कातड्याने मढवीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची खरेदी-विक्री गुन्हा ठरते. मला अशी एक चांगली कंजिरा मिळत होती, मी घेतली नाही.

मारू नका, वाजवा

संग्रह वाढला तसे वाटू लागले, की नुसती वाद्ये मांडून ठेवून काय उपयोग? चाळिशी उलटल्यावर मी तिरुवोत्रियूरच्या एका मृदंग गुरुजींकडे जाऊ लागलो. त्यांनी पहिल्याच दिवशी माझा हात धरला. "अडिक्कादींग सार, वासींग!" मारू नका, वाजवा! भजनाच्या सवयीने मी खांद्यातून जोर लावीत होतो. ते म्हणाले, आवाज जोराने येत नाही, बोट कातड्यावरून किती लवकर उठते त्याने येतो. चेंडू टाकला की आपोआप उसळतो, तसा हात पडला पाहिजे आणि उसळला पाहिजे.

मग सुरू झाले 'त दि तोम् नम्'. एवढे चारच बोल सहा महिने! भिंतीवरचे घड्याळ हा माझा दुसरा गुरू. सेकंदाच्या एका ठोक्याला एक बोल, मग दोन, मग चार. इकडे याला तीन काळ म्हणतात. चौपटीत जाण्याची घाई केली की बोल पुसट होतात. मग पुन्हा पहिल्या काळात यायचे. मणी अय्यरांचे समकालीन पळनी सुब्रमण्य पिळ्ळै हे डावखुरे होते. त्यांच्यासाठी बसण्याची बाजू बदलायला काही साथीदार तयार नसत, तरी हळू लयीतल्या वादनात त्यांनी जो नाद काढला त्याला तोड नाही, असे गुरुजी नेहमी सांगत. माझ्या कंटाळ्यावर त्यांच्याकडे हे एकच औषध होते!

दुसरा धडा उंदरांनी दिला. एकदा वाजवून झाल्यावर रव्याचा लेप काढायचा कंटाळा केला, आणि सकाळी पाहतो तो डावे तोंड कुरतडलेले. लेप वाजवण्यापूर्वी लावायचा, वाजवून झाल्यावर लगेच काढून कोरड्या फडक्याने पुसायचे. आपल्या समुद्राकाठच्या दमट हवेत हे फारच महत्त्वाचे. वाद्य बंद कपाटात कोंडू नये, आणि रोज नाही तरी चार दिवसांनी एकदा त्यावर हात फिरवावा. न वाजवलेले वाद्य वाजवलेल्या वाद्यापेक्षा लवकर मरते, हा माझा अनुभव आहे.

डिसेंबर २०२३च्या मिचाँग वादळात आमच्या तळमजल्यावर गुडघाभर तेलकट पाणी शिरले. शेजारच्या मुलांनी साखळी करून एकेक वाद्य वरच्या मजल्यावर पोचवले. त्यात पराई वाजवणारी ती पोरेही होती. संबळ आणि एक तबला गेला. अण्णांचा मृदंग मात्र सर्वांत आधी वर गेला होता. पुढे तो मृदंगकाराकडे नेला तेव्हा नटबोल्ट काढून पुन्हा चामड्याच्या वाद्या लावून घेतल्या. खोडावरची अक्षरे काही परत येणार नाहीत. उजव्या तोंडाजवळची ती गुळगुळीत जागा मी वहीत टिपून ठेवली आहे: 'इथे मोडीत दोन ओळी होत्या. माझ्या हातून गेल्या.'

तमिळमध्ये एक म्हण आहे: 'मद्दळत्तुक्कु इरु पक्कमुम् इडि.' मृदंगाला दोन्ही बाजूंनी मार! कोंडीत सापडलेल्या माणसाविषयी ती वापरतात. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती चटकन पटते. गावी गेलो की 'तुम्ही मद्रासी झालात', आणि इथे 'तुम्ही वडक्कत्ती', म्हणजे उत्तरेचे. पण मृदंग शिकल्यावर मला या म्हणीचा दुसरा अर्थ कळला. दोन्ही तोंडे निराळी असतात, एकाला शाई, दुसऱ्याला ओला रवा. पण आतली पोकळी एकच, आणि एका बाजूची थाप दुसरीला हलवतेच. नारायणस्वामी अप्पांनी मराठी कीर्तनाची लय आणि तमिळ संगीताचा गोडवा एकाच खोडात नांदवला, तो असाच असणार.

अण्णा आता थकले आहेत. हात कापतो. गेल्या वर्षी आरतीला आले तेव्हा मी मृदंग त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी फक्त उजव्या तोंडावर एक 'नम्' वाजवला आणि म्हणाले, "संग्रहात ठेवू नका हो याला. मुलांना शिकवा."

म्हणून यंदाच्या उत्सवापासून दर रविवारी सकाळी आठ वाजता माझ्या घरी आठ ते पंधरा वयाच्या मुलांसाठी विनामूल्य मृदंगाचा वर्ग सुरू करीत आहे. मराठी, तमिळ, तेलुगू, कोणाचीही मुले चालतील. सुरुवात 'त दि तोम् नम्'पासूनच होईल, आणि शिकायचे त्याच मृदंगावर. मात्र आणखी एक विनंती आहे. आपल्या घरात माळ्यावर जुनी ढोलकी, पखवाज, डफ, काही असेल तर ते मला द्या असे मी म्हणत नाही. फक्त घासण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, याच्यावर काही लिहिले आहे का?

गणपती बाप्पा मोरया!